मध्ययुगीन मेजवानी घालायची आहे? मग बटाटा, टोमॅटो आणि टर्की आधी बाजूला काढा!

सिनेमातली मध्ययुगीन मेजवानी एव्हाना सगळ्यांना पाठ झाली आहे. अंधारा दगडी महाल, भिंतीवर मशाली, लांबलचक टेबलाभोवती दाढीवाले सरदार आणि प्रत्येकाच्या हातात टर्कीची भलीमोठी तंगडी. तोंड पुसायचं ते बाहीला आणि हाड फेकायचं ते थेट कुत्र्यापुढे.

यातलं बरंचसं खोटं आहे. टर्की हा मुळात अमेरिका खंडातला पक्षी. तो युरोपात पोचला 16 व्या शतकात, म्हणजे मध्ययुग संपल्यावर. मेजवानी मशालींच्या उजेडात नव्हे, बहुतेक वेळा भर दिवसा व्हायची, कारण दिवसाचं मुख्य जेवणच सकाळी उशिरा असायचं. आणि बाहीला तोंड पुसणाऱ्याची त्या काळच्या शिष्टाचाराच्या पुस्तकांनी चांगलीच हजेरी घेतली असती.

तरीही खरी मध्ययुगीन मेजवानी आज घालता येते, आणि हौशी माणसं ती घालतातही. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात एका घराच्या परसात काही मित्रमंडळींनी मध्ययुगीन पोशाखात मेळावा भरवला. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली आणि आज तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. या संस्थेतले आणि तिच्याबाहेरचेही हौशी स्वयंपाकी सहाशे वर्षांपूर्वीची हस्तलिखितं वाचून त्यातले पदार्थ पुन्हा शिजवतात. ते हे कसं करतात आणि बारा-पंधरा पाहुण्यांसाठी घरी किंवा एखाद्या छोट्या हॉलमध्ये असं जेवण घालायचं तर काय काय लागतं, त्याची ही माहिती.

आधी साल ठरवा, पदार्थ नंतर

‘मध्ययुग’ म्हणजे ढोबळमानाने इसवी सन 500 ते 1500. हजार वर्षं! देवगिरीच्या यादवांपासून आजपर्यंतचा काळसुद्धा याहून कमी भरतो. त्यामुळे नुसतं ‘मध्ययुगीन जेवण’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. देश आणि निदान शतक तरी ठरवावं लागतं.

बहुतेक जण 1300 ते 1450 या काळातलं इंग्लंड किंवा फ्रान्स निवडतात. कारण साधं आहे: पाककृतींची हस्तलिखितं याच काळापासून भरपूर मिळू लागतात. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुख्य स्वयंपाक्यांनी 1390 च्या सुमारास ‘फॉर्म ऑफ क्युरी’ हा संग्रह तयार केला. त्यात सुमारे दोनशे पाककृती आहेत. नाव वाचून कुणाला ‘करी’ आठवेल, पण इथे ‘क्युरी’ म्हणजे फक्त ‘स्वयंपाक’. हा शब्द फ्रेंचमधून आला, आपल्या रश्श्याशी त्याचं काही नातं नाही. फ्रान्समध्ये ‘तायवाँ’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या शाही स्वयंपाक्याच्या नावावर ‘ल व्हियांदिए’ हा ग्रंथ आहे. 1393 च्या सुमाराला पॅरिसमधल्या एका वयस्कर गृहस्थाने आपल्या कोवळ्या वयाच्या बायकोसाठी घर चालवण्याची एक वही लिहिली, ‘ल मेनाजिए द पारी’. घरच्या मेजवानीसाठी सगळ्यात उपयोगी पडते ती हीच. राजवाड्याऐवजी एका खात्यापित्या घराचा हिशेब त्यात आहे: लग्नाच्या जेवणाला कोणत्या दुकानातून काय आणि किती आणायचं, हेसुद्धा.

‘मध्ययुग’ म्हणजे फक्त युरोप नव्हे, हेही खरं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 12 व्या शतकात लिहवलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या जेवणावर आणि करमणुकीवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यावरून दख्खनी मध्ययुगीन मेजवानी घालता येईल, आणि कुणीतरी ती घालायलाच हवी. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मुक्काम इंग्लंड-फ्रान्समध्येच.

काय काय बाहेर काढायचं?

कोलंबस अमेरिकेला पोचला 1492 मध्ये. त्यामुळे अमेरिकेतून आलेलं सगळं बाद. बटाटा, टोमॅटो, मिरची (लाल, हिरवी आणि ढोबळीसुद्धा), मका, राजमा, शेंगदाणे, चॉकलेट, व्हॅनिला, अननस, टर्की. चहा-कॉफीही नाही. गाजर चालेल, पण आजचं केशरी गाजर नंतरच्या काळातलं. आपल्याकडे थंडीत मिळणारं लालभडक किंवा जांभळट गाजर त्यापेक्षा जवळचं.

यादी वाचून ‘मग उरलं काय?’ असं वाटणं साहजिक आहे. उरतं पुष्कळ. गहू, बार्ली, ओट्स. वाटाणे आणि बाकलासारख्या मोठ्या शेंगांचे दाणे. कांदा, लसूण, लीक, कोबी, पालक, सलगम. सफरचंद, नासपती, द्राक्षं, अंजीर, खजूर, मनुका. दूध, लोणी, चीज, अंडी. कोंबडी, बदक, डुक्कर, मेंढी, गोमांस आणि नाना प्रकारचे मासे. तांदूळ होता, पण दक्षिण युरोपातून येणारा आणि महाग. साखर तर इतकी महाग की तिची गणना मसाल्यात व्हायची आणि तो भारीचा माल श्रीमंतांच्या घरी कडीकुलपात राहायचा.

सडलेलं मांस आणि मसाल्यांची दंतकथा

‘मांस खराब झालेलं असायचं, त्याचा वास झाकायला युरोपीय लोक मसाले वापरायचे’ हे वाक्य शाळेपासून ऐकू येतं. ते टिकत नाही. मलबारची मिरी किंवा त्याहून पलीकडच्या बेटांवरची लवंग आणि जायफळ अरबी, मग व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातातून फिरत लंडनला पोचायची. प्रत्येक हाताने नफा घेतलेला. ज्याला हे परवडत होतं, त्याला ताजं मांस सहज परवडत होतं. शिळं मांस विकणाऱ्या खाटकांना शहरांमध्ये शिक्षाही होत असे.

मसाले वापरायचे ते चवीसाठी, रंगासाठी आणि तोऱ्यासाठी. आलं म्हणजे सुंठ, दालचिनी, लवंग, जायपत्री, जायफळ, मिरी, कंकोळ, पिंपळी, कुलिंजन, केशर. ही यादी मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. यातली निम्मी घरच्या गोड्या मसाल्याच्या डब्यात सापडेल आणि उरलेली काष्ठौषधींच्या दुकानात. पश्चिम आफ्रिकेतून येणारा ‘ग्रेन्स ऑफ पॅरडाईज’ हा एक मसाला तेवढा आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याच्या जागी थोडी मिरी आणि वेलची घातली की काम भागतं.

रंगाचंही तसंच. जेवण पिवळंधमक दिसावं म्हणून केशर, हिरवं दिसावं म्हणून पार्सलेचा रस आणि लाल दिसावं म्हणून रक्तचंदन. हे रक्तचंदन जायचं दक्षिण भारतातून.

गंमत अशी की आज इंग्लंडमधल्या कुणाला त्याच्याच पूर्वजांचं हे जेवण खायला दिलं तर ते त्याला विचित्र वाटतं: कोंबडीत दालचिनी, मटणात मनुका, माशावर सुंठ! गोड, आंबट आणि मसालेदार चव एकाच घासात. आमटीत गूळ आणि चिंच एकत्र घालणाऱ्या घरात मात्र त्याचं फारसं नवल वाटायचं कारण नाही. 17 व्या शतकात फ्रेंच स्वयंपाकाने वळण बदललं, गोड पदार्थ शेवटी ढकलले गेले, मसाले कमी झाले, आणि युरोपची जुनी चव तिथेच हरवली.

या काळातले दोन तयार मसाले पाककृतींत वारंवार येतात. ‘पावडर डूस’ म्हणजे सौम्य, गोडसर मसाला. ‘पावडर फोर्ट’ म्हणजे तिखट. प्रमाणं हस्तलिखितांत दिलेली नाहीत, प्रत्येक घरचं वेगळं असणार. आज करायचं तर सौम्य मसाल्यासाठी चार चमचे साखर, दोन चमचे दालचिनी पूड, एक चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि चिमूटभर लवंग हे प्रमाण जमतं. तिखटासाठी मिरी, सुंठ, लवंग आणि पिंपळी.

एकादशी, दुप्पट खाशी!

मध्ययुगीन मेजवानी म्हणजे मांसाचा डोंगर, हा दुसरा मोठा गैरसमज. चर्चच्या नियमाप्रमाणे शुक्रवारी मांस वर्ज्य, बहुतेक ठिकाणी बुधवार आणि शनिवारीही, शिवाय ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा लेंट आणि मोठ्या सणांच्या आदले दिवस. वर्षाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त काळ असा उपवासाचा. लेंटमध्ये तर दूध, लोणी, अंडीही बंद.

पण उपवास म्हणजे पोट रिकामं ठेवणं नव्हे, हे कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मासे चालायचे, आणि मग माशांचेच वीस-वीस प्रकार व्हायचे. बार्नकल गूस हा समुद्रकाठचा पक्षी लाकडावर उगवतो अशी समजूत होती. त्यामुळे तो ‘मांस’ नाही, असं म्हणून काही धर्मगुरू उपवासाला तो खुशाल खायचे. बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने याबद्दल नापसंती नोंदवून ठेवली आहे.

या उपवासांनीच मध्ययुगीन स्वयंपाकाला त्याचा सगळ्यात महत्त्वाचा घटक दिला, तो म्हणजे बदामाचं दूध. ते उपवासाला चालतं, गाईच्या दुधासारखं लवकर नासत नाही, आणि रस्सा दाटसर करतं. अर्धी पाककृतींची वही या दुधावर उभी आहे. पाव किलो बदाम भिजवून, सोलून, लिटरभर कढत पाण्यात थोडं थोडं करत वाटायचे आणि पातळ फडक्यातून गाळायचे. मिक्सर वापरल्याबद्दल कुणी शिक्षा करत नाही. त्या काळी हे काम खलबत्त्यात व्हायचं आणि ते करायला पोरं ठेवलेली असायची.

शाकाहारी पाहुणे असतील तर यजमानाने हाच धागा पकडावा. उपवासाच्या दिवसाचा बेत निवडून त्यातले मासे वगळले की मेजवानी शाकाहारी होते आणि इतिहासाशी इमानही राहतं. ‘मध्ययुगीन म्हणजे मांसाहारीच’ म्हणून शाकाहारी माणसाला सॅलड आणि पाव देऊन बसवणं हा निव्वळ आळस आहे.

प्रमाण नसलेल्या पाककृती

जुन्या हस्तलिखितांत किती घ्यायचं, किती वेळ शिजवायचं, यातलं काही लिहिलेलं नसतं. ‘कोंबडी घे, चांगल्या रश्श्यात उकड, मसाला घाल, वाढ’ एवढंच. आजीला पुरणपोळीचं प्रमाण विचारलं की ‘अंदाजाने’ असं उत्तर येतं, तसाच हा प्रकार. लिहिणारा जाणकार होता आणि वाचणाराही. त्यामुळे प्रत्येक पदार्थ मेजवानीच्या आधी निदान एकदा करून बघावा लागतो. पहिल्यांदाच पंधरा जणांसाठी करायला घेतला तर फजिती ठरलेली.

बेत आखताना आणखी एक गोष्ट. स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट हा क्रम तेव्हा नव्हता. जेवण दोन किंवा तीन फेऱ्यांत यायचं आणि प्रत्येक फेरीत सूप, भाजलेलं मांस, टार्ट, गोड असं सगळं एकदम मांडलं जायचं. आपल्या ताटासारखंच म्हणायचं, फक्त ताट टेबलाएवढं.

पंधरा जणांसाठी ‘फॉर्म ऑफ क्युरी’वरून एक जमणारा बेत असा होऊ शकतो. पहिल्या फेरीत सॅलड (हो, 1390 च्या वहीत सॅलड आहे: पार्सले, पुदिना, बडीशेपेचा पाला, कांदा, लसूण, लीक, वर तेल, व्हिनेगर आणि मीठ), फ्रुमेंटी, आणि द्राक्षं, लसूण, पार्सले आणि सेज पोटात भरून रश्श्यात उकडलेली कोंबडी. फ्रुमेंटी म्हणजे सडलेला गहू मऊ शिजवून त्यात दूध किंवा रस्सा आणि केशर घातलेलं. खपली गव्हाची खीर करणाऱ्याला ती शिकवावी लागणार नाही, फक्त यात गूळ नसतो आणि ती हरणाच्या मांसाबरोबर वाढली जायची. दुसऱ्या फेरीत लीक घालून केशर-मसाल्यात शिजवलेले मशरूम, कांदा-चीज-अंड्यांचा टार्ट (हा खास उपवासाच्या दिवसाचा) आणि मॅकरोज. मॅकरोज म्हणजे लाटून कापलेल्या पिठाच्या पट्ट्या उकडून त्यावर लोणी आणि चीज. मॅकरोनी-चीज इतकं जुनं आहे हे ऐकून लहान मुलं सगळ्यात जास्त खूश होतात.

गोडाला वाइनमध्ये शिजवलेली नासपती आणि जिंजरब्रेड. हा जिंजरब्रेड भाजायचा नसतो. 15 व्या शतकातल्या पद्धतीप्रमाणे अर्धा किलो मध उकळून वरचा फेस काढायचा, त्यात केशर आणि मिरपूड घालायची, मग साधारण तेवढाच पावाचा चुरा थोडा थोडा करत मिसळायचा. गोळा घट्ट झाला की वडीसारखा थापून वर दालचिनी भुरभुरायची आणि चौकोनी तुकडे कापायचे. नाव जिंजरब्रेड असूनही त्या जुन्या पाककृतीत आल्याचं नाव नाही. लिहिणारा विसरला की मुद्दाम घातलं नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. घालायचं असेल तर सुंठ घालावी.

यातलं जिंजरब्रेड, नासपती, मसाले आणि बदामाचं दूध आदल्या दिवशी तयार ठेवता येतं. गहू रात्री भिजवावा. मेजवानीच्या दिवशी मग फक्त कोंबडी, टार्ट आणि मशरूम उरतात.

खऱ्या सरदारांचा पसारा मात्र वेगळाच होता. सव्हॉयच्या ड्यूकचा स्वयंपाकी शिकार याने 1420 मध्ये लिहून ठेवलं की दोन दिवसांच्या मेजवानीला 100 बैल, 130 मेंढ्या आणि 120 डुकरं लागतात, आणि शिकार गोळा करायला 40 घोडे दीड-दोन महिने आधी बाहेर पाठवावेत. 1465 साली जॉर्ज नेव्हिल यॉर्कचा आर्चबिशप झाला तेव्हाच्या मेजवानीच्या यादीत 1000 मेंढ्या आणि 400 राजहंस आहेत. अशा ठिकाणी पाहुण्याने प्रत्येक पदार्थ खाणं अपेक्षितच नसायचं. कुठला पदार्थ कुणापर्यंत पोचणार हे मानावर ठरायचं.

पंगत आणि मानपान

बसण्याची जागा हा त्या मेजवानीचा कणा. हॉलच्या एका टोकाला उंचवट्यावर आडवं टेबल, तिथे यजमान आणि मानाचे पाहुणे. बाकीची टेबलं खाली, लांबीच्या दिशेने. यजमानासमोर मिठाचं दिमाखदार भांडं. जितकं लांब बसायचं तितका मान कमी, आणि पदार्थांची संख्याही कमी. कोण कुणाच्या वर बसणार यावरून रुसवेफुगवे व्हायचे. लग्नातल्या मानपानाची कुरबुर ज्याने सोसली आहे त्याला हे लगेच कळेल. आज हे जसंच्या तसं केलं तर पाहुणे पुन्हा येणार नाहीत. त्यामुळे बरेच आयोजक आडवं टेबल मांडतात पण तिथे कोण बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात.

ताटल्यांच्या जागी ‘ट्रेंचर’ असायचे, म्हणजे जाड, शिळ्या पावाचे चौकोनी काप. पॅरिसच्या त्या वहीत यासाठी चार दिवस आधी भाजलेला पाव सांगितला आहे. ही पावाची पत्रावळच. रस्सा शोषून घ्यायची. जेवणानंतर रश्श्यात भिजलेले हे काप आणि उरलेलं अन्न टोपल्यांत गोळा करून दारातल्या गरिबांना वाटलं जायचं. मोठ्या घरांत या कामासाठी वेगळा माणूस नेमलेला असे.

काटे नव्हते. चाकू पाहुण्याने स्वतःचा आणायचा, पातळ पदार्थांना चमचा, बाकी सगळं बोटांनी. म्हणूनच जेवणाआधी आणि नंतर हात धुण्याला फार महत्त्व होतं: एक सेवक सुगंधी पाण्याची सुरई घेऊन, दुसरा खाली तस्त धरून, तिसरा खांद्यावर टॉवेल घेऊन उभा. एका भांड्यातलं अन्न दोघं किंवा चौघं वाटून खायचे आणि प्यालाही बऱ्याचदा सामाईक. त्यामुळे नियम कडक होते. प्याला तोंडाला लावण्याआधी ओठ पुसायचे, घास मिठाच्या भांड्यात बुडवायचा नाही, टेबलावर थुंकायचं नाही. आजच्या पाहुण्यांना चमचा आणि चाकू द्यावा, काटा मागितला तर हसू नये, आणि प्याले मात्र प्रत्येकाला वेगळे ठेवावेत.

पाईमधून निघाले 28 वादक

दोन फेऱ्यांच्या मधे करमणूक. फ्रेंचमध्ये तिला ‘आँत्रमे’ म्हणत. सुरुवातीला हा फक्त मधला एक छोटा पदार्थ होता, नंतर त्याचं नाटक झालं. जानेवारी 1378 मध्ये फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याने पॅरिसमध्ये पवित्र रोमन सम्राटाला मेजवानी दिली. तेव्हा पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेम जिंकल्याचा देखावा, चाकांवरच्या जहाजासह, हॉलमध्येच सादर झाला.

यातली सगळ्यात गाजलेली मेजवानी 17 फेब्रुवारी 1454 ची, लील शहरातली. यजमान बर्गंडीचा ड्यूक फिलिप. एका अवाढव्य पाईच्या पोटात 28 वादक बसून वाजवत होते. मग एका बनावट हत्तीवरून ‘पवित्र चर्च’चं सोंग घेतलेली व्यक्ती आली आणि तिने मदतीची याचना केली, कारण आदल्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती गेलं होतं. जिवंत फेझंट पक्ष्यासमोर ड्यूकने आणि त्याच्या सरदारांनी धर्मयुद्धाच्या शपथा घेतल्या. ती मोहीम कधीच निघाली नाही. पाईची गोष्ट मात्र सहा शतकं टिकली.

इंग्लंडमध्ये प्रत्येक फेरीच्या शेवटी साखरेची किंवा मेणाची शिल्पं आणत. त्यांना ‘सटल्टी’ म्हणत. 1429 मध्ये सात वर्षांच्या सहाव्या हेन्रीच्या राज्याभिषेकाला जे शिल्प आलं त्यात इंग्लंडचा संत एडवर्ड आणि फ्रान्सचा संत लुई यांच्या मधे हा छोटा राजा उभा होता. दोन्ही राज्यं याचीच, असा संदेश साखरेतून दिलेला. आजच्या केकवरचा फोटो त्यापुढे फारच साधा.

बाकी करमणूक म्हणजे वादक, कथेकरी, कसरतपटू आणि विदूषक. 1306 मध्ये पहिल्या एडवर्डने वेस्टमिन्स्टरमध्ये युवराजासह अडीचशेहून अधिक तरुणांना नाइट केलं, तेव्हा बोलावलेल्या शंभराहून अधिक कलावंतांना दिलेल्या पैशांची नोंद आजही टिकून आहे. आणि सोशल मीडियावर हमखास फिरणारी एक गोष्ट खरी आहे: रोलंड नावाच्या एका विदूषकाला इंग्लंडमध्ये सफोकमधली जमीन मिळाली होती, आणि त्या बदल्यात त्याने दर नाताळला राजासमोर एक उडी, एक शिट्टी आणि एक पाद एवढी कला सादर करायची होती.

घरच्या मेजवानीत एवढं काही लागत नाही. हार्प, बासरी किंवा डफासारखं वाद्य वाजवणारा एखादा मित्र, नाहीतर त्या काळच्या संगीताची ध्वनिमुद्रणं. एखादी कथा सांगणारा. जेवणानंतर बुद्धिबळ, फासे किंवा नाइन मेन्स मॉरिस. हा शेवटचा खेळ म्हणजे आपली नवकांकरी. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या दगडी बाकांवर जसे तिचे पट कोरलेले आहेत, तसेच महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवरही सापडतात. पट कागदावर काढला आणि चिंचोके घेतले की झालं.

आग, बदाम आणि मोरपिसं

28 जानेवारी 1393 च्या रात्री पॅरिसमध्ये राजवाड्यातल्या एका लग्नाच्या जल्लोषात राजा सहावा चार्ल्स आणि त्याचे पाच सोबती ‘रानमाणसं’ बनून नाचायला आले. अंगावर डांबरासारख्या राळेत भिजवलेलं कापड आणि त्यावर चिकटवलेली तागाची झुलपं. राजाचा भाऊ मशाल घेऊन जवळ गेला आणि एका क्षणात सगळे पेटले. राजाला त्याच्या काकूने आपल्या घागऱ्याच्या घोळात लपेटून वाचवलं, एकजण भांडी धुण्याच्या पाण्याच्या पिंपात उडी मारून वाचला, बाकीचे चौघे गेले. थीम पार्टीत लांब बाह्यांचे पोशाख, सजावटीचं कापड आणि उघड्या मेणबत्त्या एकत्र आणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. मेजवानी दुपारी ठेवली तर मेणबत्त्यांची गरजच पडत नाही, आणि ते इतिहासालाही धरून आहे.

दुसरा धोका दिसत नाही: बदाम. बदामाचं दूध रश्श्यात, गोडात, सॉसमध्ये, सगळीकडे असतं आणि चवीवरून ओळखू येत नाही. एखाद्या पाहुण्याला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आमंत्रणातच विचारावं आणि प्रत्येक पदार्थासमोर घटकांची चिठ्ठी ठेवावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं काहीही देऊ नये. जुन्या सॅलडमध्ये रू म्हणजे सताप ही वनस्पती सांगितलेली आहे. ती गरोदर बाईला घातक ठरू शकते, म्हणून सरळ वगळावी. जुनी, शिसं मिसळलेली पितळी किंवा जस्ती भांडी शोभेला ठेवावीत, त्यात वाढू नये.

मोर भाजून त्याचं पिसांसकट कातडं पुन्हा वर चढवायचं, हा त्या काळचा सगळ्यात दिमाखदार पदार्थ. आज कच्चं कातडं शिजलेल्या मांसावर घालणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण. भारतात तर मोर राष्ट्रीय पक्षी, त्याची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. कोंबडी भाजून अंड्याचा बलक आणि केशर यांचा लेप द्यावा आणि पुन्हा जरा भाजून घ्यावी. ती सोन्यासारखी दिसते, आणि हीसुद्धा अगदी अस्सल मध्ययुगीन पद्धत.

शेवटी टेबलावरचं कापड काढतात, पुन्हा हात धुतले जातात आणि पातळ, कुरकुरीत वेफर्ससोबत हिपोक्रास येतं: दालचिनी, सुंठ आणि साखर घालून कापडी पिशवीतून गाळलेली वाइन. मद्य नको असेल तर लाल द्राक्षांचा रस याच मसाल्यांबरोबर कोमट करून गाळावा. मसाले पोटाला बरे, जेवण पचवतात, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. आपल्याकडे जेवणानंतर विड्याचं तबक फिरतं, तसंच हे. ट्रेंचर वापरले असतील तर तेव्हाच गोळा करून घ्यावेत. रश्श्यात भिजलेला पाव तासाभरात टेबलाला चिकटून बसतो.